चाकूरची पाटी

१२ जानेवारी
मुदखेडजवळच्या वस्तीवर आजपासून वर्ग. बी.ए.च्या मुलींनी तिथल्या बायांना वाचायला शिकवायचं, त्यावर गुण. कॉलेजचा नवा अभ्यासक्रम! आमच्या वेळी पुस्तक पुरत होतं. शिवानीनं अ-आ घेतलं. दामिनी भिंतीला टेकून गप्प. कॉलेजातही गप्पच असते.

१९ जानेवारी
बाया निम्म्याच. सरजाबाईंनी तोंडावर सांगितलं — “म्याडम, अननस म्या खाल्ला न्हाई, खायचाबी न्हाई. मला यष्टीची पाटी वाचायचीय. मागं लातूरला लेकीकडं निघाले, अन् देगलूरला उतरले!”
आधी अक्षरं, मग पाट्या. क्रम म्हणजे क्रम.

२ फेब्रुवारी
वर्गातून दामिनी आणि सरजाबाई गायब! परतताना पाहते तर दोघी नांदेडच्या बसस्टँडवर. सरजाबाईंचं बोट पाटीवर — “हे बघा, चाकूर. हिचं गाव. आधी तेच शिकले.”
न विचारता गेली म्हणून दामिनीचे गुण कापले.
“लेकराला नका, माझा कान धरा,” सरजाबाई म्हणाल्या.
दामिनी हळूच म्हणाली, “पण मॅडम, त्यांना वाचता आलं.”
माझ्यासमोर तिचं पहिलंच वाक्य.

२ मार्च
दामिनी महिनाभर नाही. चाकूरला तिच्या वडिलांना, संगमेश्वरअप्पांना, फोन केला. “पाव्हणे बघून गेले, मॅडम. आता बस झालं शिक्षण.”
परीक्षा बुडाली तर वर्ष जाईल, मी बजावलं.
“जाऊ द्या की.”
फोन ठेवला. मला फक्त नियम सांगता येतात.

९ मार्च
वस्तीवर सांगितलं — दामिनी येणार नाही, लग्न ठरतंय. बायांची कुजबुज. सरजाबाईंनी एवढंच विचारलं, “परीक्षा कवा हाय?” सांगितलं. वर्ग अर्धा टाकून उठून गेल्या. मला राग आला.

८ एप्रिल
पहिला पेपर. घंटेच्या आधी फाटकातून दामिनी धावत आली — मागून सरजाबाई, दम लागलेला!
“चाकूरला एकट्या गेलात?”
“पाटी वाचून. अप्पाला म्हणलं, तुमच्या पोरीनं मला हितवर आणलं. आता तिला कुठवर जाऊ द्यायचं, तुमी सांगा. शेवटी म्हणला, न्या.”
मी खोली दाखवायला निघाले, तर सरजाबाईंनी हातानं थांबवलं.
“सांगू नका. दारावर पाटी आसंल.”