हिले विचारून सांगतो

प्रिय स्वप्निल,

आईचं तसंच आहे. डोक्यातली नस फुटून मळ्यात पडली, ती अजून शुद्धीवर नाही. यंत्र श्वास देतं, ती घेते. इथले वर्ध्याचे डॉक्टर भले आहेत, पण आज त्यांनी बाबांना आणि मला बाजूला घेऊन सरळच विचारलं. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि असंच चालू ठेवायचं, की आता यंत्र काढून, आणखी काही न करता तिला केळझरला घरी न्यायचं? शुद्धीवर येईल का, तर बहुतेक नाही. बहुतेक म्हणजे किती रे? विचारलं मी, पण उत्तर डोक्यात शिरलंच नाही.

आणि बाबा काय म्हणाले ठाऊक आहे? "हिले विचारून सांगतो."

मला आधी हसू फुटलं, मग रडू. त्यांची तरी काय चूक! वांगी कधी तोडायची, सेलूच्या बाजारात काय न्यायचं, तुला पुण्याला पाठवायचं की नाही, माझं स्थळ, सगळं आईला विचारूनच ठरलं. आपण तिघं नुसते हमाल. आता ती बोलत नाही, तर आपल्याला साधं हो-नाही म्हणता येईना.

बाबा खरंच आत गेले, तिच्या कानाशी वाकून विचारलं. तिची बोटं चादरीवर हलली. बाबा म्हणतात, ती 'घरी चला' म्हणून राह्यली. मला मात्र ती सांभाराची, तुमच्या पुण्याकडच्या कोथिंबिरीची, जुडी बांधताना दिसली, अंगठ्याने दोरा दाबून धरायची ना, तशी. नर्स म्हणाली, अशी हालचाल आपोआप होते. घडीत वाटतं नळी बसवावी, घडीत वाटतं किती टोचायचं तिला. बाबांचा राग येतो, तुझा येतो, आणि खरं सांगू, आईचाही येतो. सगळ्यांचं ठरवलं, स्वतःचं तेवढं सांगून ठेवलं नाही.

फोनवर तू "ताई, तू म्हणशील ते" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून हे लिहून, फोटो काढून पाठवते आहे. डॉक्टरांना उद्या सांगायचंय. नळी बसवली तर मी एकटीने तिला छळलं, नाही बसवली तर मी एकटीने तिला मारलं, असं मला जन्मभर वाटायला नको. हो म्हण, नाही म्हण, पण इथे येऊन, माझ्या शेजारी उभा राहून म्हण. भाजीचं टोपलं डोक्यावर घेताना आईसुद्धा आपल्याला हाक मारायची, हात लावा म्हणून.

तुझीच, गोंधळून बसलेली,
मंजूताई