आमेनच्या आधी विचारायचं होतं

अहो,

सोफ्यावर पडलेल्या गायनमंडळाच्या अठरा झग्यांना मी हात लावलेला नाही, लावणारही नाही. काल चर्चमध्ये डोळे मिटून प्रार्थना करता करता तुम्ही थेट देवालाच सांगून टाकलंत, की आमची ही सगळे झगे धुऊन, इस्त्री करून देईल. अख्ख्या मंडळीने आमेन म्हटलं. त्यानंतर मी तोंड उघडणार कशी?

दुसरा गाल पुढे करावा, हे मलाही लहानपणापासून पाठ आहे. पण तो ज्याचा त्याने करायचा असतो. तुम्ही दर वेळी माझा पुढे करता आणि नम्र माणूस म्हणून नाव मात्र तुमचं होतं.

मी रुसून कुठे गेलेले नाही. दवाखान्यात ड्युटी आहे, सहाला घरी येईन. राग शांत झाला की मी पुन्हा हसून हो म्हणेन, म्हणून रागातच लिहून ठेवतेय: नाही.

झगे कोमट पाण्यात भिजवा, कॉलरी ब्रशने घासा. चर्चच्या पाळकांना मी फोन करून कळवलंय, की या वेळी झगे तुम्ही स्वतः धुणार आहात.

तेही लगेच आमेन म्हणाले.