निरीक्षणाचे पंधरा दिवस

बीड
एप्रिल २०१३

प्रिय शिवकन्या,

अक्षर ओळखलंस का? नसेल ओळखलं तर खालची सही आधी बघू नकोस. बघितलीस तर पत्र चुलीत घालशील, आणि मला त्याचा रागही येणार नाही. तुझा फोन नंबर भामाबाईंनी दिलाय. दोनदा लावला आणि वाजायच्या आत कापला. तोंडानं बोलायची छातीच होत नाही, म्हणून लिहितेय.

यंदा दुष्काळात पुन्हा जनावरांच्या चारा छावण्या पडल्या. मी आता नर्सिंगच्या पोरींना शिकवते. त्यांना घेऊन मागच्या आठवड्यात उमापूरच्या पलीकडच्या त्या माळावर गेले होते. तोच माळ, छावणी चालवणारी तीच दूध सोसायटी, चेअरमन तेवढा नवा. कडब्याच्या गंजीला टेकून तुझी सासू बसली होती. भामाबाईंना आता नीट दिसत नाही, पण आवाजावरून ओळखलं मला. तुझं विचारलं तर म्हणाल्या, शिवकन्या हाय गावाकडं, पण दहा वर्सं झाली, कुनाच्या लेकराला हात लावीत न्हाई. बारशाला बी भाईर बसती. हाताला गुण न्हाई म्हनत्यात लोक तिच्या, अन् तिला बी तसंच वाटतंय. पारू, तुझी सख्खी जाऊ, एका घरात राहून तुझ्याशी एक शब्द बोलत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मी पोरींना पुढं पाठवलं आणि त्यांच्याकडून तुझा नंबर लिहून घेतला.

तुला आठवतं, २००३ च्या दुष्काळात मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही मला सरकारी मोजणीवाली समजला होता? जनावरांच्या शिंगांवर रंगानं नंबर घातलेले, त्यांचा डॉक्टर एक दिवसाआड यायचा, आणि जुनेर-बारदानाच्या आडोशाला राहणाऱ्या तुम्हा माणसांची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. गावात घराला कुलूप, विहिरीला पाणी नाही, जनावरांपाठी बिऱ्हाड माळावर. मला तर अभ्यासाला तयार विषयच मिळाला, बघ ना. बेघर कुटुंबं आणि आरोग्याचं सक्षमीकरण. किती जड नाव, आणि मला त्याचा केवढा तोरा! मी जयभीमवाली म्हणून काहीजणी वरून ओंजळीत पाणी ओतायच्या. तू एकोणीस वर्षांची पोर, तू मात्र सगळ्यांदेखत तुझा तांब्या माझ्या हातात दिलास. ते मी विसरले नाही गं. विसरले असते तर बरं झालं असतं.

माझ्या वर्गाला बसणाऱ्या तुम्हा बाराजणींत तू सगळ्यात हुशार. जुलाब झालेल्या लेकराच्या पोटाचं कातडं चिमटीत धरून सोडायचं, लगेच जागेवर बसलं नाही तर दवाखाना गाठायचा, असं मी शिकवत होते, तर तू फिस्सकन हसलीस. म्हणालीस, ताई, हे तर आमी वासराचं बघतो. बाकीच्याही हसल्या. जनावराचं बघत होतात, लेकराचं बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. तुझं ते वाक्य मी प्रबंधात घातलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम खूष झाल्या होत्या त्याच्यावर.

मग त्यांनीच सांगितलं, आता पंधरा दिवस छावणीत पाऊल ठेवायचं नाही. बायका आपल्या पायावर उभ्या राहतात का ते लांबूनच बघायचं. त्याला म्हणायचं निरीक्षणाचा काळ. मी मान डोलावली आणि गेवराईला खोलीवर जाऊन बसले. सोसायटीचा मॅनेजर नर्सबाईच्या, म्हणजे माझ्या, चिठ्ठीशिवाय जीप सोडत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. तुम्हाला धोका ओळखायला शिकवलं, आणि जीप ठेवली त्याच्याच दारात. शाबास माझी!

नवव्या दिवशी पारूच्या सहा महिन्यांच्या लेकीला जुलाब लागले. पारू तिला पदरात घेऊन चालत गेवराईला निघाली होती. ऊन मरणाचं, वाट लांबची. तूच तिला अडवलंस, ताई येत्याल, जीप मिळंल म्हणून. दुधाच्या गाडीवरच्या धोंडीरामकडं चिठ्ठी दिलीस आणि दिवसभर चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी घालत रस्त्याकडं बघत बसलीस. दिवे लागायच्या आत पोरगी गेली.

पंधरा दिवस झाल्यावर मी आले, तेव्हा पारूनं सगळ्यांसमोर मला विचारलं, बाई, हिनं खरंच चिठ्ठी धाडलती का? तू माझ्याकडं बघत होतीस. धोंडीराम कॅन धरून उभा होता. मी म्हणाले, मला काही मिळालं नाही. धोंडीराम एवढंच बोलला की म्या बाईच्या हातात दिलती. त्याचं कोण ऐकणार? सोसायटीनं त्याला गाडीवरून उतरवलं. तुला सगळे खोटारडी म्हणाले. मला पुढच्या वर्षी पदवी मिळाली. भामाबाई म्हणाल्या, धोंडीराम गेल्या वर्षी वारला. त्याचे पाय धरायचे राहूनच गेले.

शिवकन्या, चिठ्ठी मला मिळाली होती. सकाळी नऊला, धोंडीरामनं हातात दिली. ती या पाकिटात आहे. तुझंच अक्षर: "ताई, पारूच्या लेकीचं कातडं जाग्यावर येत न्हाई, डोळे खोल गेलेत, पानी ठरत न्हाई. जीप देत न्हाईत. लवकर या." वर कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलंय ते माझं. "धोका वेळेवर ओळखला. मदत मागितली. दहापैकी दहा." तुला गुण देऊन मी चिठ्ठी फायलीला लावली आणि चहा ठेवला. निरीक्षणाचा काळ होता ना! दहा वर्षं ती माझ्या कपाटात आहे. फाडून टाकायचीही हिंमत झाली नाही. पारूला वाचता येत नाही, म्हणून तिसऱ्याच कुणाला तरी ती तिला वाचून दाखवायला सांग, तू वाचू नकोस, तिला खरं वाटायचं नाही. मी येऊन सगळ्यांसमोर सांगायला तयार आहे, तू बोलावलंस तर. त्यानं पोर परत येणार नाही, तुझी दहा वर्षंही नाहीत, आणि पारू तुझ्याशी बोलेल असंही मला वाटत नाही. पण तुझ्या हाताला काही झालेलं नव्हतं बाई. त्या दिवशी तू एकच चूक केलीस, माझी वाट बघितलीस.

तुझी,
(पुढं ताई लावायचं की नाही ते तू ठरव)
कुंदा