अण्णांचे कूल

३ जुलै

ज्याच्या कृपेवाचून जीभ हलत नाही आणि ज्याच्या इच्छेवाचून ती थांबतही नाही, त्याला आधी नमस्कार.

अण्णा आज रुग्णालयातून घरी आले. उजवा हात गेला आहे, उजवा पाय ओढावा लागतो. आणि वाचा — सगळी गेली, एक शब्द राहिला. तोही कोणता? देवाचे नाव नव्हे, मुलाचे नव्हे, माझे, म्हणजे सख्ख्या धाकट्या भावाचेही नव्हे. 'कूल'!

डॉक्टर म्हणाले, असे पुष्कळांचे होते. भाषेची पडझड झाली की एखादाच शब्द हाती लागतो. तो कोणता असावा, हे माणसाच्या हाती नसते. अण्णांच्या हाती लागला तो नातीचा. झटका आला त्या सकाळी ते चहाच्या टेबलाशी तिची नक्कल करीत होते. मला चिडवायला, दुसरे काय. तिच्या या शब्दाचा मला किती तिटकारा, हे त्यांना ठाऊक होते.

जन्मभर पोथी सांगितली आणि पदरात पडले हे.

५ जुलै

चहा हवा — कूल. चहा नको — कूल. उशी टोचते — कूल. पुतण्या कामावर निघताना दारातून विचारतो, बाबा, कसं वाटतंय? कूल. तो मान हलवतो आणि जातो.

आज स्वयंपाकघरात त्याने मला गाठले. शहराबाहेर एक संस्था पाहून आला आहे. चोवीस तास परिचारिका, उचलायला यंत्र, रोज व्यायाम करून घेणारा माणूस. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवली आहे. दोनच दिवसांत अण्णांना उचलून उचलून सूनबाईची कंबर गेली. माझे गुडघे मलाच उचलत नाहीत. तो म्हणाला त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते.

मग म्हणाला, "काका, बाबांना आता काही कळत नाही. तुम्ही उगाच त्यांच्याशी बोलत बसता."

मी म्हणालो, कळते की नाही याचा निवाडा आधी होऊ दे. शुद्धीतल्या माणसाला बोचक्यासारखे इकडून तिकडे ठेवता येत नाही.

हे बोलणे अण्णांच्या खाटेपासून चार हातांवर झाले. दार उघडेच होते.

६ जुलै

वडिलांनी घालून दिलेला नेम: सकाळी स्नान झाले की दोघा भावांनी समोरासमोर बसायचे. श्लोकाचा पूर्वार्ध मी म्हणायचा, उत्तरार्ध अण्णांनी. एक चुकला तर दुसऱ्याने थांबवायचे. श्लोक पुन्हा पहिल्यापासून. चूक कुठली, हे सांगायचे नाही — ज्याची त्याने शोधायची.

आज मी पूर्वार्ध म्हणालो आणि थांबलो.

"कूल."

पोथी मिटली.

८ जुलै

अपरिचित शब्द भेटला तर तो कोण म्हणतो, कोणाला म्हणतो, कोणत्या प्रसंगी म्हणतो, हे आधी पाहावे, असे आम्हाला शिकवलेले. म्हणून नातीलाच गुरू केले. गुरूंचे पाय खुर्चीवर होते, ते मी चालवून घेतले.

परीक्षा पुढे गेली — कूल. मैत्रिणीचे नवे बूट — कूल. कोणी माफी मागितली, तरी कूल. म्हणजे सोडून दे, मनात ठेवलेले नाही. लांबवून म्हटले तर हेवा. तोडून म्हटले तर विषय संपला, आता गप्प बस. डोके थंड असलेला मनुष्यही कूल. मी विचारले, आणि कोणी फार शहाणपणा करू लागला तर?

"तेव्हापण कूल. फक्त त्याच्याकडे बघायचं नाही."

संस्कृतात कूल म्हणजे नदीचा काठ, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "कूल, आजोबा," आणि माझ्याकडे पाहिले नाही.

१२ जुलै

शब्द ऐकायचा नाही, स्वर ऐकायचा. चार दिवस एवढेच केले.

खालून वर चढत गेला तर प्रश्न. दोनदा घाईने आला तर काही हवे आहे. डोळे मिटून छातीतून आला तर होकार. हनुवटी भिंतीकडे वळवून तुटक आला तर नकार. साखर घालू? — भिंत. खिडकी उघडू? — डोळे मिटले. उघडली. चेहऱ्यावर वारा आला तसे ते हसले, अर्ध्या तोंडाने.

पुतण्याला दाखवायला गेलो तर नेमके अण्णांना झोप आली. तो म्हणाला, काका, तुम्हाला हवं तेच तुम्ही ऐकता.

मोठमोठ्या भाष्यकारांनाही हा दोष चुकलेला नाही.

१३ जुलै

सूनबाई दिवसभर आडवी. अण्णांची कूस एकट्याने बदलायला गेलो. जमले नाही. दोघेही तसेच पडून राहिलो, कॉलेजातून नात येईपर्यंत.

१७ जुलै

आज जे झाले ते नीट लिहून ठेवतो.

नेमाला बसलो. उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही रोज बसतो. पुतण्या त्याच खोलीत कपाटाच्या आरशासमोर शर्ट घालत होता. माझे चित्त महिनाअखेरीकडे. पूर्वार्ध म्हणालो.

"कूल!"

हा होकार नव्हता, नकार नव्हता, प्रश्न नव्हता. अण्णांनी डावा हात वर केला होता — वडील करीत तसा, पंजा उघडा.

मला काही उमगेना. तोच पूर्वार्ध पुन्हा म्हणालो. पुन्हा हात, पुन्हा "कूल!" — आता वैतागून. तेव्हा लक्षात आले. मी एका श्लोकाचा पहिला चरण दुसऱ्या श्लोकाच्या चरणाला जोडत होतो. इतक्या वर्षांत माझी अशी चूक झाली नव्हती.

सुधारून म्हणालो. अण्णांनी डोळे मिटले आणि उत्तरार्ध म्हणू लागले. सगळा 'कूल'मध्ये! जिथे दीर्घ तिथे लांबवून, जिथे लघू तिथे आखडून, यतीच्या जागी बरोबर विसावा घेऊन. एक अक्षर खरे नाही आणि एक मात्रा खोटी नाही. त्याच दमात पुढच्या श्लोकासाठी माझ्याकडे पाहू लागले.

पुतण्या खाटेच्या कडेवर बसला. लहानपणी तोही या खोलीत बसून हे ऐकत असे. चाल त्याच्या कानात आहे.

"म्हणजे त्यांना सगळं कळतं," तो म्हणाला. मग एक बटण लावून, "म्हणजे मी त्या दिवशी बोललो, तेपण."

अण्णा म्हणाले, "कूल." मी अर्थ सांगू लागलो, तर तो म्हणाला, नको काका, हा कळला मला.

शर्टाची बटणे वरखाली लावून तसाच कामावर गेला.

१८ जुलै

मी म्हणालो, आता पाठवण्याचा प्रश्न मिटला.

पुतण्या म्हणाला, "मिटला कसा? त्यांना कळत नाही असं वाटत होतं तोवर आपण ठरवत होतो. कळतं म्हटल्यावर त्यांनाच विचारायला नको का?"

बिनतोड. सगळा पुरावा मीच गोळा करून दिलेला. जेवण गेले नाही.

२० जुलै

दुपारी सगळे अण्णांच्या खोलीत जमलो. विचारायचे काम माझ्याकडे आले. संस्था कशी आहे, तिथे काय मिळेल, इथे काय मिळणार नाही, हे पुतण्याने आधी त्यांना सावकाश, नीट सांगितले. मुलाने बापाशी बोलावे तसे.

मग मी विचारले, "अण्णा, इथंच राहायचं ना?"

चौकटीला टेकून, कंबरेवर हात ठेवून सूनबाई उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिले. पुतण्याकडे पाहिले. माझ्याकडे सर्वांत जास्त वेळ. मग हनुवटी भिंतीकडे वळली.

"कूल."

मी ऐकलेच नाही असे करून उलट बाजूने विचारले, "की तिकडे जायचं?"

डोळे मिटले. छातीतून, खोल — "कूल."

बाकीच्यांना दोन्ही सारखेच वाटले असणार. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. पुतण्या म्हणाला, "काका, काय म्हणाले ते तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल ते मी मानीन."

एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर त्या खोलीत कोणी मला थांबवणारे नव्हते. अण्णांखेरीज.

पाणी पिऊन येतो म्हणालो आणि उठलो.

२१ जुलै

खरे सांगितले. सोमवारी गाडी येईल.

पुतण्याला एवढेच विचारले, तिकडे त्यांच्या खोलीत दुसरी खाट आहे का? म्हणाला, आहे, पण काका, ती आजाऱ्यांसाठी. मी गुडघे दाखवले.

वाचणाऱ्या सर्वांचे तो कल्याण करो. आणि ज्याचे बोलणे संपत आले असेल, त्याच्याजवळ ऐकणारे कोणी ठेवो.