तीन नाकांची अट

बुधवार, १९ नोव्हेंबर

प्रिय ऊलकान,

तुझी बाटली पोचली. तुमच्या गावच्या गाडीचा ड्रायव्हर ती थेट प्रयोगशाळेत घेऊन आला आणि सगळ्यांसमोर, थोरल्या बहिणीला मारतात तशी हाक मारून म्हणाला, “एजे, ऊलकान एजेनं पाणी पाठवलंय. म्हणाली, वोडका नाहीये, वाटेत झाकण उघडू नकोस.” पोरी हसल्या, मीही हसले. मग बाटलीला गुंडाळलेली तुझी चिठ्ठी वाचली. ‘साठ अंशांवर गरम कर आणि स्वतः हुंग. मग सांग, माझं नाक बिघडलंय का.’ बास. ना सलाम, ना खुशाली. चाळीस वर्षांत तू मला इतकं कोरडं कधी लिहिलं नव्हतंस. त्याला आज चार दिवस झाले. फोन करायचा म्हणून तीनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. म्हणून लिहितेय. लिहिताना निदान तुझा आवाज ऐकू येत नाही.

तुमच्या काश्का-बुलाक गावच्या नव्या टाकीचं अर्धं तुला माहीत आहे, अर्धं माझ्याकडचं ऐक. टाकीला आतून जो रंग दिलाय, तो राजधानीहून मंजूर झालेला आहे, त्यात काही खोट नाही. पण मंजुरी म्हणजे नुसता शिक्का नसतो ग, तिच्या पाठीला अटी असतात. पहिली अट, रंग दिल्यावर टाकी दहा दिवस रिकामी ठेवायची आणि आत किमान दहा अंश ऊब राखायची, म्हणजे रंग नीट वाळून कडक होतो. दुसरी, मग टाकी तीनदा भरून तीनदा ओतून द्यायची. तिसरी, त्यानंतरचं पाणी साध्या वीस अंशांना आणि गरम साठ अंशांना तीन जणांनी हुंगायचं, प्रत्येकाने आपापल्या कागदावर गुण लिहायचे, एकमेकांना न दाखवता. शून्य म्हणजे वास नाही, पाच म्हणजे तोंडाला लावू नये. दोनच्या वर गेलं की नळ उघडायचा नाही.

आता तुमच्या गावाला ऑक्टोबरात दहा अंश कुठून यायचे? सकाळी बादलीवर बर्फाची साय धरते. जुमार्तने टाकीत दोन दिवस शेगडी पेटवली आणि थांबला. लपवलं नाही ग त्याने, पाणी समितीचा प्रमुख म्हणून स्वतः येऊन सांगितलं. “एजे, दहा दिवस पुरेल एवढा कोळसा आणू कुठून? चोवीस तारखेला वरचे साहेब येतायत, मेजवानीला घोडी कापायची ठरलीये, आमंत्रणं गेलीयत. बारा वर्षं आमच्या बायका ओढ्यावरनं पाणी वाहतायत. तुमच्या थर्मामीटरसाठी आणखी एक हिवाळा वाहू दे म्हणता?” मला त्या बायका दिसल्या, तू दिसलीस, तुझा वाकडा झालेला खांदा दिसला. मी पहिल्या अटीकडे कानाडोळा केला. मनाशी म्हटलं, तिसरी अट आहेच की. रंग कच्चा राहिला असेल तर नाक सांगेल.

नाकाने काही सांगितलं नाही. माझ्या सहीचा कागद गेला, त्यावर ‘शून्य’ होतं. घोडी कापली गेली, नळ उघडले गेले, साहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन फोटो काढून घेतला.

आणि आठवड्याभरात तुझा फोन आला. तुझ्या बालवाडीच्या चहाला बुटाच्या पॉलिशचा वास येतोय म्हणालीस. पोरं पेले तसेच ठेवून उठतायत म्हणालीस. जुमार्त माझा कागद नाचवत म्हणतोय, “तुझ्याच मैत्रिणीने लिहून दिलंय, तिला विचार.” मी काय म्हणाले ते तुला आठवत असेलच, पण मला लिहायला हवं. मी म्हणाले, “अग, चहाची पुडी बदलून बघ. आणि साठी गाठली आपण, नाकं म्हातारी व्हायचीच.” तू एवढंच म्हणालीस, “बरं.” त्या दिवसापासून तू एकेचाळीस पोरांसाठी ओढ्याचं पाणी वाहतेस, आणि तुला नळाची किंमत नाही म्हणून गाव तुला शिव्या घालतं. हे मला ड्रायव्हरने सांगितलं. तू नाही सांगितलंस.

तुला हॉस्टेलमधली ती वीस बाटल्यांची परीक्षा आठवते? डोळ्यांना पट्टी बांधून ओळखायचं, कुठल्या पाण्यात माती, कुठल्यात क्लोरीन, कुठल्यात सडका पाला. तुझ्या सतरा बरोबर आल्या, माझ्या वीस. सर म्हणाले होते, या पोरीच्या नाकाचा विमा काढा. तू मात्र दारात गाठून म्हणालीस, “टोतुगुल, तीन बाटल्या मी मुद्दाम चुकवल्या, नाहीतर तू आठवडाभर जेवली नसतीस.” खरं होतं की चिडवत होतीस, अजून कळलेलं नाही मला. दुसऱ्या वर्षी तू लग्न करून गेलीस आणि मी त्या नाकावर अख्खा जन्म काढला. नवरा गेला, मुलगा रशियात गेला, घरात सून आणि मी. पण सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की कोणीतरी म्हणणारच, “थांबा, एजेला हुंगू दे.” एवढ्यावर मी जगत होते ग.

फेब्रुवारीत मला ताप आला होता. पंधरा दिवस झोपून होते, ते तुला सांगितलं होतं. पुढचं कोणालाच सांगितलेलं नाही. उठल्यावर पहिल्या गुरुवारी मी नेहमीसारखं तेल तापवलं आणि गेलेल्या नवऱ्याच्या नावाने सात पोळ्या तळल्या. गेलेल्यांना वास पोचतो म्हणून तळायचं, तू मी दोघी लहानपणापासून बघत आलो. तळताना वाटलं, आज तेल काही तापत नाहीये. तेवढ्यात सून धावत आली. “आई, अहो धूर केवढा! करपलं सगळं, बाहेरपर्यंत वास आलाय!” कढई काळी झाली होती. मी कढईवर वाकले आणि नाक पार तेलापर्यंत नेलं. काही नाही, ऊलकान. वाफेने नाकाचा शेंडा भाजला, पण वास नाही. मेलेल्या माणसाला वास पोचला असेल आणि मी जिवंत तिथे कोरडी उभी. त्या दिवशी मी फार रडले. नऊ महिने झाले, अजून काही परत आलेलं नाही.

मग मी सोंग घ्यायला शिकले. प्रयोगशाळेत माझ्याबरोबर दोघं हुंगतात, मेरीम आणि उलारबेक, दोघंही माझ्या हाताखाली तयार झालेले. मी त्यांना म्हणू लागले, “आधी तुम्ही सांगा, बघू शिकलात का.” ते आकडा सांगायचे, मी मान डोलवायची आणि तोच लिहायची. स्वतंत्र कागदांची अट आमच्याकडे कधी पाळली जातच नव्हती. मोठ्या माणसाच्या आधी तोंड उघडायचं नाही, आणि त्याने उघडल्यावर वेगळं बोलायचं नाही, हे आपल्या पोरांना आईच्या दुधाबरोबर मिळतं. इतकी वर्षं मी बरोबर असायचे म्हणून ते खपून गेलं. आता मी ‘आधी तुम्ही’ म्हणत होते म्हणून खपत होतं.

तुमच्या टाकीचं पाणी आलं त्या दिवशी जुमार्त आणि वरच्या कचेरीतले दोन पाहुणे समोर बसलेले. मेरीमने पाणी साठ अंशांवर नेलं, बूच काढून हुंगलं. उलारबेकने हुंगलं. मी म्हटलं, “हं, सांगा.” पाहुण्यांसमोर पोरं कशी बोलतील? उलारबेक म्हणाला, “तुम्ही असताना आम्ही काय सांगणार, एजे? आधी तुम्ही.” मी बाटली नाकाशी धरली. गरम वाफ आली आणि गेली. मी त्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, काहीतरी दिसेल म्हणून. दोघंही अदबीने खाली बघत होते. सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हाच म्हणता आलं असतं, मला आज सर्दी आहे, उद्या बघू. एवढं एक वाक्य. मी म्हणाले, “शून्य.” आणि दोघांनी शून्य लिहिलं.

शनिवारी तुझी बाटली आली तेव्हा बाकीच्या पोरी गेल्यावर मी मेरीमला थांबवून घेतलं, पाणी गरम केलं, कागद तिच्यापुढे सरकवला आणि पाठ करून उभी राहिले. म्हटलं, लिही आणि पालथा घाल. वळून पाहिलं तर पोरगी रडत होती. कागदावर चार. म्हणाली, “एजे, तेव्हाही तीन तरी होता. पण तुम्ही शून्य म्हणालात. मला वाटलं, मी राहते त्या हॉस्टेलला नवा रंग दिलाय, तोच माझ्या नाकात बसलाय. तुमचं कधी चुकत नाही ना!” उलारबेकला विचारलं, तोही तेच. वर म्हणाला, “मी आईला घरी सांगितलं होतं की माझं नाक गेलं बहुतेक.” बघ, एक नाक खरंच गेलं होतं आणि त्यापायी दोन चांगली नाकं स्वतःला खोटं म्हणत बसली होती. आणि तिकडे तिसरं तुझं, त्याला तर मीच म्हातारं म्हटलं. मला माझी इतकी किळस आजवर कधी आली नव्हती.

वास येतो म्हणजे रंगातलं काहीतरी पाण्यात उतरतंय. काय आणि किती, हे राजधानीच्या तपासणीत कळेल. पाणी सोमवारीच पाठवलं. गेले जवळजवळ चार आठवडे गावाच्या पोटात काय गेलं ते मला सांगता येत नाही. तू वाहिलंस त्यामुळे बालवाडीतली पोरं तरी दिवसभर वाचली, घरी गेल्यावर नाही.

माझी सही मागे घेतल्याचा अर्जही सोमवारीच गेला. पण त्याचं उत्तर यायला महिना लागेल आणि तुमची सभा या रविवारी आहे. तुला बालवाडीतून काढायला ती भरवलीये, हेही ड्रायव्हरकडूनच कळलं. जुमार्त उठून माझा कागद दाखवेल आणि सगळ्या माना डोलतील. मी येतेय, शनिवारच्या गाडीने. पण मला तू ओळखतेस. म्हातारी मंडळी पुढच्या रांगेत दिसली, कोणी चहाचा पेला हातात दिला, की मी गोड बोलून वेळ मारून नेईन, आणि तू पुन्हा ‘बरं’ म्हणशील. म्हणून हे पत्र माझ्या आधी पाठवतेय. मेरीम आणि उलारबेकचे कागद सोबत आहेत, या वेळी वेगवेगळे लिहिलेले. सभेत मी तोंड उघडायच्या आधी तू उठ आणि हे वाच. ‘प्रिय ऊलकान’पासून खालच्या सहीपर्यंत, एकही ओळ न गाळता. करपलेली कढई वाच, फोनवर तुला म्हणाले ते वाच, शून्य वाच. माझी दया आली तरी थांबू नकोस. मग मला विचार, हे खरं का. तुझ्यासमोर, सगळ्या गावासमोर, मी हो म्हणेन. आणि तोवर घरोघरी जाऊन सांग, नळाचं पाणी उकळलं म्हणून चालणार नाही, पोरांना ओढ्याचंच द्या.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
टोतुगुल