तुझ्या लेकीची फेनुआ

रविवार, दहा ऑगस्ट

लाडक्या हिनेराउ,

इकडे सगळे बरे. थंडी मरणाची पडलीय, टामेचा गुडघा धरलाय. पोर आता मान धरू लागली असेल ना? तिचं नाक अगदी आपल्या आईचं, असं गावभर सांगत सुटलेत सगळे. ऐकायला मात्र मी!

खरं सांगू? तुझा नवरा त्या दिवशी मला अजिबात आवडला नाही. तुम्ही पोरीची वार मडक्यात घेऊन आलात आणि हा सभाघरात उभा राहून म्हणतो, "तुमची 'फेनुआ', म्हणजे भूमी, तीच आमच्या फिलिपिन्समधली 'बनवा'. सामोआत फानुआ, फिजीत वनुआ. एकाच किनाऱ्यावरच्या होड्यांनी नेलेला शब्द हा. आमच्याकडे तो गावाला, देशाला. वारेलाही तोच, हे तुमच्याकडेच ऐकलं. मग मी परका कसा?"

वी काका विरघळलेच. "अरे, हा तर घरचाच निघाला!" माझ्या टामेला लग्नाच्या वीस वर्षांत त्यांनी साधा चहा विचारला नाही.

फेनुआ म्हणजे काय, हे मला शिकवतोय! माझी तीन बाळं जन्माआधीच गेली. तिघांची वार टेकडीवर पुरलीय, पण त्या टेकडीवर धावायला माझं कोणी नाही.

काका तापानं पडले, वार पुरायची राहिली आणि तुला वेलिंग्टनला परतायचं होतं. "ताई, काका उठले की पुरून घे," म्हणालीस. पुरली, असं मी फोनवर सांगितलं.

नाही पुरली गं. काका दोनदा विचारायला आले; मी म्हटलं, हिनेराउ स्वतः येणार आहे. मडकं फ्रीजरमध्ये ठेवलं, मटणाच्या मागे. खायच्या वस्तूंत! आपल्यात असं कोणी करतं का?

काल टामे मासे काढायला गेला आणि मडकं घेऊन आला. "रिपेका, ही हिनेराउच्या पोरीची वार ना?"

"असू दे! पुरली की तिची मुळं इथली. माझं काय?" बोलून गेले मी.

फ्रीजरमधलं सगळं अन्न बाटलं म्हणून त्यानं ते खड्ड्यात पुरलं, मडकं शालीत गुंडाळून पुढच्या खोलीत ठेवलं आणि उपाशीच बसला.

जळले गं मी तुझ्यावर. अजून जळते. म्हणूनच तुझ्याशिवाय पुरायला हात धजत नाही. आज काकांना सगळं सांगितलं. शिव्या देऊन देऊन थकले, मग म्हणाले, "थोरली आहेस, जागा तू दाखव."

माझ्या तिघांच्या शेजारची दाखवली. चालेल तुला? नाही म्हणालीस तर वाईट वाटणार नाही, असं लिहिणार होते. वाटेल. तरी ये.

तिची मावशी,
रिपेका