बाळंतिणींच्या वॉर्डाची मागली ओसरी

मुंबई,
ता. ९ फेब्रुवारी १९२६

चि. सौ. कुंदास भाऊचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुला दिवस गेल्याचे आईच्या पत्रातून कळले. आनंद झाला, आणि खरे सांगतो, धाकधूकही. दोनदा घरी बाळंत झालीस, दोन्ही वेळा बाळ हाती लागले नाही. या खेपेस तू इथे इस्पितळात यावेस, असे माझ्या मनाने घेतले आहे.

मी ओव्हरसियर आहे ते इस्पितळ तू पाहिलेले नाहीस. जुनी इमारत आजोबांच्या वेळची, काळ्या दगडाची. टोकदार कमानी, वर घड्याळाचा मनोरा. सागवानी जिना डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांच्या बुटांनी मध्ये खोलगट झाला आहे. शिकवण्याची खोली म्हणजे नदीचा घाटच! पोरे पायऱ्यांवर बसतात आणि प्रोफेसर खाली, पाणी असावे तिथे. प्लेगच्या साली मागे पत्र्याची छपरे घातली होती. ती पाडून तिथे आम्ही बाळंतिणींचा नवा वॉर्ड बांधतो आहोत. उंच छत, समुद्राचा वारा, आणि प्रसूतीत हुशार अशी डॉक्टरीणबाई. जूनमध्ये वॉर्ड सुरू होईल. भाईदासरावांना आणि तुझ्या सासूबाईंना विचार. नाही म्हणू नकोस.

तुझा काळजीखोर,
अभिमन

धुळे,
ता. २० फेब्रुवारी १९२६

ती. भाऊंस कुंदाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र मी मोठ्याने वाचून दाखवले. इकडून लगेच होकार मिळाला. सासूबाईंनी मात्र साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे, तुझ्या भावाने घड्याळ सांगितले, जिना सांगितला, पण चूल कुठे ते सांगितले नाही. चूल नाही ते कसले घर? बाळंतिणीला खारीक-डिंक कोण देणार, शेक कोण देणार? आणि ती घाटावर बसलेली पोरे बाळंतिणीकडेही बघणार का, असे त्यांनी विचारले. हसू नका, ते मलाही विचारायचेच होते.

मला यावेसे वाटते, भाऊ. पाळणा माळ्यावर टाकला आहे, तो खाली काढायचे कोणी नावही घेत नाही. पण सासूबाईंना दुखवून मी गाडीत बसणार नाही. त्या तोंडाने कडक आहेत, पण गेल्या खेपेस महिनाभर त्यांनी मला पाण्याच्या घागरीला हात लावू दिला नव्हता.

तुमची,
कुंदा

मुंबई,
ता. ३ मार्च १९२६

चि. सौ. कुंदास अनेक आशीर्वाद, वि. वि.

डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. बाईची मर्जी असल्याशिवाय शिकणारे कोणी खाटेजवळ जाणार नाही, आणि या वॉर्डात शिकायला मुलीच असतील, असे त्यांनी सांगितले. खाटेभोवती पडदाही आहे.

चुलीच्या बाबतीत मात्र सासूबाईंनी मला बरोबर पकडले. आमच्या नकाशात चूल नाहीच! जुन्या इमारतीतल्या रोग्यांची माणसे वडाखाली तीन दगड मांडून भिजत स्वयंपाक करतात. मी रोज बघतो आणि पुढे जातो. आता वॉर्डाच्या मागे ओसरी आणि चुलींची ओळ काढून नकाशा साहेबांपुढे ठेवला. इस्पितळ म्हणजे धर्मशाळा नव्हे, असे साहेब म्हणाले, पण कागद परत दिला नाही. हे सासूबाईंच्या कानावर घाल.

तुझा,
भाऊ

धुळे,
ता. १४ मार्च १९२६

ती. भाऊंस शि. सा. नमस्कार, वि. वि.

सासूबाईंना चुलींचे सांगितले. दुपारी आम्ही दोघी तूर पाखडत होतो, तेव्हा सूप खाली ठेवून त्यांनी जे सांगितले ते या घरात कोणी कधी बोललेले नाही.

त्यांना एक मुलगी होती, बेबा. प्लेगच्या साली तिला गाठ आली, तेव्हा गावाबाहेरच्या छपरात नेली. भोवती कुंपण होते आणि आईला आत सोडत नव्हते. त्या भाकरी बांधून कुंपणाशी जात. पोर आतून 'माय, माय' हाका मारी. ऐकू येई, पण दिसत नसे. एके दिवशी हाका थांबल्या.

म्हणजे चूल, शेक, पोरे, हे सगळे वरवरचे होते, भाऊ. शेवटी त्या एवढेच म्हणाल्या, "तुना भाऊले इतलंच इचार, मनी सून माले दिसी का?" सून डोळ्यांना दिसेल का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे; उत्तर लवकर लिहा.

कुंदा

मुंबई,
ता. २९ मार्च १९२६

ती. ताईबाई यांचे चरणी अभिमनचा दंडवत, वि. वि.

हे पत्र कुंदा आपणांस वाचून दाखवील, पण लिहिले आहे आपणांसच.

नव्या वॉर्डाच्या खिडक्या जुन्या इमारतीसारख्याच डोक्याच्या वर धरल्या होत्या. बाहेरच्याने आत पाहू नये म्हणून. आपली विचारणा मी साहेबांना इंग्रजीत जशीच्या तशी सांगितली. डॉक्टरीणबाई तिथेच होत्या; आईचा चेहरा दिसला तर बाई कळा धीराने सोसते, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी हुकूम आला. मागच्या भिंतीचे बसवलेले दगड काढून आम्ही खिडक्या खाली घेतो आहोत. ओसरीवर मांडी घालून बसलात तरी खाट दिसेल, हात घातलात तर पोचेल. चुलीही मंजूर झाल्या.

बाळाची हमी मला देता येत नाही. देवालाही मागू धजत नाही. पण कुंदा एकटी राहणार नाही, ही हमी माझी. चाळीसगावला गाडी बदलावी लागते. तिथे मी स्वतः घ्यायला येईन.

आपले लेकरू,
अभिमन

मुंबई,
ता. २४ ऑगस्ट १९२६

चि. भाईदासास आईचा आशीर्वाद.

अभिमन लिहितो, मी सांगते. माझे बोलणे तो शुद्ध करायला बघतो, म्हणून पहिले वाक्य मी त्याच्याकडून तसेच लिहवून घेतले: आंडेर उनी, बठ्ठं बरं शे. त्याचे शुद्ध: मुलगी झाली, सगळे ठीक आहे.

पोरगी पायाळू होती. डॉक्टरीण घामाघूम झाली. मी खिडकीतून सुनेचा हात धरून होते. शेवटी पडदा ओढला, हात सुटला, दिसेनासे झाले. मग मी बोलत राहिले. म्हैस, कपाशी, शेजारणीचे भांडण, तोंडाला येईल ते मोठ्याने. आतून ती हुंकार देत होती. मध्येच हुंकार थांबला. मी भिंतीला कपाळ टेकले. तेवढ्यात पोर रडले, असे रडले की चुलीवरच्या बाया उठून आल्या. मीही रडले. सत्तावीस वर्षांचे एकदम रडले.

पोरीचे नाक तुझे आहे. त्याला इलाज नाही.

सुनेला परवा सोडतील. ती अभिमनच्या घरी आराम करील. मी मात्र ओसरीवरच आहे. शेजारच्या खाटेवर कोकणातली एक पोर आहे, तिचे पहिलेच बाळंतपण. नवरा गिरणीत, मागे कोणी नाही. तिची बोली मला कळत नाही, माझी तिला कळत नाही. पण काल सून झोपली तेव्हा ती माझ्या खिडकीकडे बघत होती. आज सकाळी मी बसायचे पोते थोडे तिकडे सरकवले.

तिचे आटोपले की येते. तोवर म्हैस तू पीळ.

आमच्यावर माया ठेव, म्हशीवर जरा जास्त.

तुझी आई,
ताईबाई